स्टूल काळं होईल

आमच्या घरात सकाळी आधी शी वाचली जायची, मग पेपर.

'वाचली' हा शब्द मी पूर्ण विचार करून वापरतोय. आमची रेवा सात महिन्यांची झाली, तिला वरचं खाणं सुरू झालं आणि तेव्हापासून तिचा लंगोट उघडणं हा घरातला जाहीर कार्यक्रम झाला. आई, बाबा आणि मी असे तिघं पलंगाभोवती उभे राहायचो. बाबा चष्मा पुसून घ्यायचे. मग वाचन! (जेवता जेवता वाचत असाल तर ताट बाजूला ठेवा. पुढे याहून वाईट आहे.)

आधी या कार्यक्रमाची अध्यक्ष माझी बायको सायली होती. पण तिची बाळंतपणाची रजा संपली, ती अंधेरीच्या ऑफिसात परत रुजू झाली आणि खुर्ची माझ्याकडे आली. मी घरूनच काम करतो. हॉटेलांची मेन्यू कार्डं, मसाल्याची पाकिटं, नगरसेवकांच्या वाढदिवसाचे बॅनर अशी डिझाइनं करतो. म्हणजे रंग हा माझा धंदाच! त्यामुळे शीचं वाचन माझ्याइतकं बारकाईने मुलुंड पूर्वेत दुसरं कोणी करत असेल असं मला वाटत नाही. सायली मीटिंगमध्ये असतानाही मी तिला मेसेज टाकायचो, 'आज मोहरी. किंचित ऑलिव्हकडे झुकलेला.' ती अंगठा पाठवायची. आईची रंगांची यादी स्वयंपाकघरातली होती, "आज मुगाच्या आमटीसारखा झाला" किंवा "पिठला जरा पातळ झाला". (आमच्याकडे पिठलं करणं पुढे बरेच दिवस बंद होतं.) बाबांच्या लेखी मात्र दोनच प्रकार होते, 'बरा आसा' आणि 'बरा नाय'.

आई-बाबा मूळचे मालवणकडचे. बाबांची गिरणी बंद पडली, मग ते सोसायट्यांमध्ये वॉचमन होते, मग सुपरवायझर झाले, आता नातीचे पूर्णवेळ आजोबा आहेत. मुंबईत आयुष्य गेलं, तरी दोघंही घरात मालवणीच बोलतात. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात भाषेचा मोठा हात आहे. (बाकीचा हात माझा आहे.)

तर झालं असं, की लस द्यायला गेलो तेव्हा डॉक्टर मॅडमनी रेवाची पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाल्या, "जरा फिकट वाटतेय. रक्त तपासून घेऊ." रक्त काढताना रेवा थोडी रडली, बाबा बरेच रडले. दुपारी रिपोर्ट फोनवर आला. सायली ऑफिसात होती. मी आणि बाबांनी तो उघडला.

रिपोर्टात दोन ओळी ठळक होत्या. हिमोग्लोबिनसमोर 'एल' आणि लिम्फोसाइट्ससमोर 'एच'.

"एल म्हणजे लो, एच म्हणजे हाय," मी बाबांना समजावलं.

"हाय म्हंजे बराच ना रे? जास्त मार्क पडले," बाबा म्हणाले.

"मार्क नाही हो बाबा, पेशी वाढल्यात."

"कोणी वाढवल्यान?" आई आतून ओरडली. तिला वाटलं, जेवण वाढण्याबद्दल चाललंय.

मग मी ती चूक केली जी हातात फोन असलेला प्रत्येक बाप करतो. लिम्फोसाइट्स वाढले की काय होतं, हे इंटरनेटवर शोधलं. पहिल्या लिंकवर सर्दी होती. दुसरीवर ताप. तिसऱ्या लिंकवर जे होतं ते वाचून माझ्या हातातला चहा गार झाला, आणि मी रेवाला उचलून छातीशी धरलं. ती बिचारी माझ्या शर्टाचं बटण खाण्यात गुंग होती.

संध्याकाळी मी तिला घेऊन एकटाच दवाखान्यात गेलो. सायलीने फोनवर बजावलं होतं, "संदेश, सगळं नीट ऐकून ये. मध्येच फोन बघत बसू नकोस." मी फोन खिशातून काढलासुद्धा नाही. पण फोनचं काम रेवाने केलं. तिने माझा चष्मा ओढला, तो चाटला, मग डॉक्टरांच्या टेबलावरचं पेपरवेट मागितलं, ते मिळालं नाही म्हणून माझं नाक मागितलं. ते तिला मिळालं. अशा अवस्थेत मी वैद्यकीय सल्ला ऐकत होतो.

"लिम्फोसाइट्सचं काही नाही हो," मॅडम म्हणाल्या. "बाळांमध्ये ते जास्तच असतात. लॅबने मोठ्या माणसांची मापं छापलीत शेजारी. तुमच्या शर्टाच्या मापाने हिचं झबलं शिवाल का तुम्ही?"

मी नाकातल्या नाकात "नाही" म्हणालो. डोक्यावरून केवढंतरी ओझं उतरलं!

"हिमोग्लोबिन मात्र कमी आहे. या वयात होतं असं. लोहाचे थेंब देऊ या. दुधाबरोबर देऊ नका. कपड्यांवर सांडू देऊ नका, डाग जात नाहीत. खालचे दोन दात आलेत ना, तर थेंब गालाच्या आतल्या बाजूला सोडा, नाहीतर दातांवर काळं येतं. आणि स्टूल काळं होईल. टेन्शन घेऊ नका."

"नाही घेणार," मी म्हणालो.

आता तुम्ही शहाणी माणसं, तुम्हाला कळलंच असेल. पण माझीही बाजू ऐका! आमच्या घरात शीला शीच म्हणतात. स्टूल म्हणजे चार पायांचं लाकडी स्टूल. आमच्या स्वयंपाकघरात तसं एक आहे, फणसाच्या लाकडाचं. आईने ते गावाहून मांडीवर ठेवून आणलंय आणि त्यावर बसूनच ती रेवाला भरवते. शिवाय मॅडमचं वाक्य बघा. कपड्यांवर डाग, दातांवर डाग, आणि मग स्टूल काळं! ओघच तसा होता. आपल्या डॉक्टर पेशंटच्या फर्निचरचीही इतकी काळजी करतात, हे बघून मला तर भरून आलं.

घरी येताना मी स्टेशनजवळच्या दुकानातून जाड प्लॅस्टिक घेतलं आणि स्टुलाला गच्च गुंडाळून खालून दोरीने बांधलं.

"मेल्या, ह्या काय करतंस?" आई बसायला गेली आणि सर्रकन घसरली. "स्टुलाक रेनकोट कित्याक?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. थेंबांनी स्टूल काळं होतं."

"डाक्टरीणबाय आपल्या घरी कधी इली होती?"

"सगळ्यांकडे असतंच गं स्टूल! जनरल सांगितलं त्यांनी."

सायली आली तेव्हा तिलाही मी सगळा वृत्तान्त दिला. लिम्फोसाइट्स ठीक, हिमोग्लोबिन कमी, थेंब सुरू, दुधाबरोबर नाही, आणि फर्निचर सांभाळायचं. ती रेवाच्या डोक्याचा वास घेत बसली होती. "बरं," म्हणाली. रेवाच्या डोक्याचा वास घेताना तिला दुसरं काही ऐकू येत नाही.

थेंब सुरू झाले. स्टूल अगदी स्वच्छ राहिलं. मला माझा अभिमान वाटत होता.

आणि मग एका सकाळी लंगोट उघडला.

बाबांनी चष्मा पुसला, घातला, काढला, पुन्हा पुसला. आई एक पाऊल मागे सरकली. मी आयुष्यात बरेच रंग पाहिलेत, पण असा काळा मी फक्त छपाईत पाहिला होता, तोही गिऱ्हाईक पैसे जास्त देत असेल तरच.

"डांबर!" आई म्हणाली.

"बरा नाय," बाबा म्हणाले.

मी फोन उघडला. (हो, परत! माणूस एकदा पोळला म्हणून चहा पिणं सोडतो का?) 'बाळाची काळी शी' असं शोधलं, आणि पहिल्याच ओळीत होतं: पोटात रक्तस्राव होत असण्याची शक्यता. पुढच्या ओळी मी वाचल्याच नाहीत. मी घाबरलो. गंमत म्हणून नाही सांगत, खरंच घाबरलो. एवढंसं ते पोट, माझ्या तळहाताने झाकलं जाईल एवढं, आणि त्यात रक्त वाहतंय आणि मला बापाला पत्ता नाही!

दवाखान्यात फोन लावला.

"मॅडम लग्नाला गेल्यात, संध्याकाळी येतील," तिथल्या मुलीने सांगितलं. "काय झालंय?"

"शी काळी झालीय."

"बाळ खेळतंय का?"

मी बघितलं. रेवा बाबांचा कान पिरगाळून खदखदून हसत होती. "खेळतंय."

"दूध पितंय?"

"पितंय."

"मग संध्याकाळी या."

आता सायलीला कळवायचं की नाही? त्या दिवशी तिचं रुजू झाल्यापासूनचं पहिलं मोठं प्रेझेंटेशन होतं. सकाळी निघताना ती लिफ्टपर्यंत जाऊन दोनदा परत आली होती. "काही झालं ना, तर फोन कर. मी सगळं टाकून येईन," म्हणाली होती, आणि ती खरंच सगळं टाकून आली असती, नोकरीसकट. कळवायचं नाही असं आम्ही ठरवलं. त्या दिवशी मेसेजात मी लिहिलं, 'आज डार्क चॉकलेट.' तिने अंगठा पाठवला.

पण संध्याकाळपर्यंत नुसतं बसून राहणं मला जमेना. मी म्हटलं, लॅबमध्ये शी तपासून घेऊ. आईने एक छोटी स्टीलची डबी काढून दिली. झाकण घट्ट बसणारी होती.

"परत हाड हां डबी," ती म्हणाली. (म्हणजे परत आण.) "माका वेलचीक व्हयी आसा."

"आई!!"

"घासून घेईन की नंतर! त्येका काय झाला?"

लॅबमधल्या मुलीने डबीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि नमुन्याची प्लॅस्टिकची बाटली पुढे सरकवली. "सर, रूटीन करायचंय की ऑकल्ट ब्लड पण?"

"ताई, जे जे असेल ते सगळं करा."

तिने पावती दिली. त्यावर चक्क छापलं होतं, 'स्टूल, ऑकल्ट ब्लड'. स्टूल! ठळक अक्षरांत! माझ्या नाकासमोर! तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, कारण माझी नजर पुढच्या शब्दावर अडकली होती. ऑकल्ट म्हणजे काय?

घरी येऊन मी फोनवर शब्दकोश उघडला. इथे मी मनातल्या मनात वाचलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी मोठ्याने वाचलं.

"ऑकल्ट: गूढविद्या, जादूटोणा, अघोरी शक्तींविषयीचे."

स्वयंपाकघरात भांडं पडलं. आई दारात येऊन उभी राहिली.

"काय म्हणालंस?"

"काही नाही गं. टेस्टचं नाव आहे."

"जादूटोण्याची टेस्ट?" बाबांनी पेपर खाली ठेवला. "लॅबात आता ह्या पण बघतत?"

"तसं नाही हो बाबा..."

"सुधारणा झाली बघ," बाबा कौतुकाने म्हणाले. "आमच्या वेळेक ह्येच्यासाठी रात्रभर यष्टी करून गावाक जावचा लागा."

"माका ठाऊक होता!" आईने पदर खोचला. "बारशाक ती जोगेश्वरीची मावशी तुझी, चेडवाक, आपल्या रेवाक बघून काय म्हणाली? 'किती गोरा गो पॉर!' आणि दृष्ट काढलान नाय. त्येच्या दुसऱ्या दिसापासून चेडू फिकट पडूक लागला."

"आई, हिमोग्लोबिन कमी झालंय म्हणून फिकट पडली!"

"आणि ता कित्यान कमी झाला?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या खानदानात या प्रश्नाला उत्तर नसलं की वाद हरला असं धरतात.

दुपारी जेवण कोणाला गेलं नाही. रेवाने मात्र नाचणीचं सत्त्व वाटीभर खाल्लं आणि वाटीही खायचा प्रयत्न केला. मी लॅपटॉप उघडून एका लोणच्याच्या बरणीचं लेबल करत बसलो होतो. गिऱ्हाईकाने कैरीचं लोणचं सांगितलं होतं, मी पार्श्वभूमी काळीकुट्ट केली आणि पाठवून दिली. तेवढ्यात फोन वाजला. रिपोर्ट आला होता.

तिघांनी एकदमच फोनमध्ये डोकी घातली. सगळ्यात खाली ती ओळ होती. 'ऑकल्ट ब्लड: निगेटिव्ह.'

"निगेटिव्ह!" आई मटकन खाली बसली. "अरे देवा, निगेटिव्ह!"

"आई, निगेटिव्ह म्हणजे चांगलं असतं. कोरोनात आठवतंय ना? निगेटिव्ह आला की आपण पेढे वाटायचो."

"ता कोरोनाचा. ह्या ऑकल्टचा! टीव्हीवर तो वास्तुवालो रोज सांगता, घरात निगेटिव्ह एनर्जी शिरली की पयला पोरांका धरता."

"अगं, त्याचा आणि याचा..."

"थांब थांब," बाबा म्हणाले. ते वाद शांतपणे मिटवणारे म्हणून सोसायटीत प्रसिद्ध आहेत. "चेडवाच्या रक्ताच्या रिपोर्टात काय लिवलेला? बी पॉझिटिव्ह. होय ना?"

"हो, पण तो रक्तगट..."

"रक्त पॉझिटिव्ह, शी निगेटिव्ह," बाबांनी निकाल दिला. "म्हंजे आत झगडो चालू आसा."

मी खरं तर पदवीधर माणूस. निगेटिव्ह म्हणजे रक्त सापडलं नाही, हे मला नव्वद टक्के कळत होतं. पण उरलेले दहा टक्के समोर लंगोटात काळेकुट्ट दिसत होते ना! रक्त नाही, तर मग हे काय आहे? त्या क्षणी मला कोणीही, कसलीही खात्री दिली असती तरी मी घेतली असती. म्हणून बाबा जेव्हा म्हणाले, "गाऱ्हाणा घालूक व्हया," तेव्हा मी मुकाट्याने खाली जाऊन नारळ घेऊन आलो.

ज्यांना गाऱ्हाणं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे कोकणात देवासमोर नारळ ठेवून एक वडीलधारा माणूस घरच्या सगळ्या अडचणी मोठ्या आवाजात देवाच्या कानावर घालतो, आणि बाकीचे प्रत्येक वाक्यानंतर "व्हय म्हाराजा!" असा गजर करतात. यात 'मोठ्या आवाजात' हा भाग महत्त्वाचा आहे. देव मालवणला, आम्ही मुलुंडला. मध्ये अंतर बरंच.

बाबा हॉलच्या खिडकीत उभे राहिले. खिडकी उघडी. आईने रेवाला मांडीवर घेतलं, कपाळाला एवढं मोठं कुंकू लावलं. माझ्या हातात तो लंगोट होता, पुरावा म्हणून.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघं.

"आज ह्या मुलुंडात, चवथ्या माळ्यार, लिफ्टीच्या बाजूक, तुझी लेकरां हात जोडून उभी आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या चेडवाच्या पोटात जा काय ऑकल्ट शिरला आसात, ता घरातला आसांदे नायतर जोगेश्वरीचा आसांदे, पॉझिटिव्ह आसांदे नायतर निगेटिव्ह आसांदे..."

"व्हय म्हाराजा!"

खाली कंपाउंडात क्रिकेट थांबलं. समोरचा दरवाजा उघडला आणि शाहकाकी डोकावल्या. "काय वो भाभी, पूजा हाय? आमाला सांगितला नाय?" असं म्हणत त्या आत येऊन हात जोडून उभ्याच राहिल्या. त्यांना काय चाललंय याचा पत्ता नव्हता, पण शेजारधर्माला त्या पक्क्या आहेत.

"...ता इल्या वाटेन परत धाड, आणि चेडवाची शी पयल्यासारखी पिवळीधम्मक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

"होय माराज!" शाहकाकी सगळ्यांच्या वर.

"संदेश."

हा आवाज गजरातला नव्हता. दारात सायली उभी होती. प्रेझेंटेशन चांगलं झालं म्हणून तिला लवकर सोडलं होतं, हातात मिठाईचा बॉक्स होता. तिने खिडकीतले सासरे बघितले, नारळ बघितला, लाल कपाळाची मुलगी बघितली, शाहकाकी बघितल्या आणि शेवटी माझ्या हातातला लंगोट बघितला.

"हे डार्क चॉकलेट?" तिने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला रडूच आलं.

"मी सांगणार होतो गं..."

"काय झालंय तिला? संदेश, काय झालंय?"

"पोटात..." मी लंगोट पुढे केला.

"ऑकल्ट," आई मदतीला धावली.

मिठाई शाहकाकींच्या हातात गेली आणि आम्ही चौघं रेवाला घेऊन रिक्षात कोंबून बसलो. बाबा ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर लटकत होते. सायलीने रेवाला असं घट्ट धरलं होतं की मला तिच्याकडे बघवेना. रेवा रिक्षाच्या मीटरशी गप्पा मारत होती.

डॉक्टर मॅडम लग्नातून तशाच आल्या होत्या, पैठणी, गजरा आणि गळ्यात स्टेथोस्कोप. त्यांनी रेवाचं पोट दाबून बघितलं, वजन केलं, लंगोट बघितला, रिपोर्ट बघितला.

"हिला काय झालंय?" त्यांनीच आम्हाला विचारलं.

"काळी शी," मी म्हणालो.

"ती होणारच. लोह चालू आहे ना? आतड्यात जे शोषलं जात नाही ते बाहेर पडतं, काळं होऊन. कोणाला काळी होते, कोणाला हिरवट. अगदी नॉर्मल आहे. डांबरासारखी चिकट, घाण वासाची झाली, लाल रक्त दिसलं, बाळ मलूल पडलं, तर धावत या. हिच्याकडे बघा, ही मला चावतेय!"

सायली खुर्चीत बसली आणि तिने डोळे मिटून घेतले. इतकं बरं मला आयुष्यात क्वचित वाटलं असेल. इथे विषय संपायला हरकत नव्हती.

"पण मी तुम्हाला सांगितलं होतं," मॅडम माझ्याकडे वळल्या. "स्टूल काळं होईल, टेन्शन घेऊ नका."

"हो ना मॅडम! म्हणून लगेच त्याला प्लॅस्टिक गुंडाळलं."

"कशाला?"

"स्टुलाला."

मॅडमचा हात गजऱ्यावरच थांबला. बाहेर कोणाचं तरी बाळ रडत होतं, तेही थांबलं.

"तुम्ही... शीला प्लॅस्टिक..."

"शीला नाही हो मॅडम, स्टुलाला! फणसाच्या लाकडाचं आहे. एक डाग पडला नाही अजून."

सायलीने डोळे उघडले. मॅडमनी स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला. मग सायलीच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. मला वाटलं ती रडतेय. ती हसत होती. मग मॅडम हसायला लागल्या, गजरा सुटून खांद्यावर आला तरी थांबेनात. बाहेरची मुलगी काय झालं म्हणून आत आली, तिला सांगितलं, ती दाराला धरून हसली. सगळ्यात शेवटी मला कळलं. मला उशिरा कळलं, पण पूर्ण कळलं.

"म्हंजे स्टूल म्हंजे..." आईने हळूच विचारलं.

"व्हय," बाबा म्हणाले.

"आणि आजपातूर मी त्येच्यार बसान चेडवाक भरवलंय!"

मॅडमनी डोळे पुसून ऑकल्टही समजावलं. ऑकल्ट म्हणजे लपलेलं, डोळ्यांना न दिसणारं रक्त. निगेटिव्ह म्हणजे ते नाही. थोडक्यात, रिपोर्ट उत्तम होता, आणि मुळात काढायची गरजच नव्हती.

"आणि रक्त नाय ता कित्यान?" आई ताठ झाली. "रिपोर्ट दुपारी इलो, गाऱ्हाणा संध्याकाळी घातला. देवान आधीच ऐकलान!" वेळेचा हा हिशेब मी तिला समजावायला गेलो, पण सायलीने माझा हात दाबला. त्या दिवशी कोणाला काही समजावण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

पुढे दोनेक महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन चांगलं वर आलं होतं, आणि रेवाच्या गालांवर मला हवा तसा गुलाबी रंग होता. (तो मी एका आइसक्रीमच्या डब्यासाठी वापरलाही.) या वेळी सायली सुट्टी टाकून बरोबर आली होती. मॅडमनी रिपोर्ट माझ्या हातावरून पलीकडे नेऊन थेट तिच्या हातात दिला.

"थेंब अजून थोडे दिवस चालू ठेवा," त्या तिला म्हणाल्या. "आणि आता ही रांगतेय, उद्या उभी राहील. बाटली हिचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर ठेवा. लोह आहे ते, चुकून पोटात जास्त गेलं तर चांगलं नाही."

"ठेवते," सायली म्हणाली. "आणि हे रिपोर्ट कुठे ठेवू?"

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं आणि मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

"यांची उंची किती?"